किल्लारी : उद्ध्वस्त गावांची पुनर्घडण

२१ जुलै २०२३ च्या पहाटे चार वाजून गेले असता जयपूरची भूमी हादरली. पहिला धक्का ४.४ तीव्रतेचा होता. पुढील अर्ध्या तासात आणखी दोन धक्के बसले. शास्त्री नगरातील आम्ही रहिवासी मुलांना उचलून आणि वृद्धांना हात देऊन रस्त्यावर आलो. सुदैवाने मोठी हानी झाली नाही. उजाडताच घरोघरी चहाची आधणे चढली आणि दिवस नेहमीच्या मार्गाला लागला. परंतु त्या अंधारात उभ्या असलेल्या आम्हां मराठी माणसांच्या तोंडी नकळत एकच नाव आले होते : किल्लारी.

तीही पहाटच होती. ३० सप्टेंबर १९९३ रोजी तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी लातूर व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) या जिल्ह्यांच्या सीमेवरील तेरणाकाठ काही क्षणांत होत्याचा नव्हता झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणरायाचे विसर्जन करून रात्री उशिरा परतलेली माणसे गाढ निद्रेत असतानाच घरे त्यांच्या अंगावर कोसळली. किल्लारी, सास्तूर, होळी, मंगरूळ, राजेगाव यांसारखी नांदती गावे दगडामातीचे ढीग होऊन पडली. मृतांची गणना आठ हजारांच्या घरात जाते. काही गणनांनुसार ती दहा हजारांच्या जवळ पोहोचते.

भूकंपाची तीव्रता सुमारे ६.२ होती. एवढ्या तीव्रतेचे भूकंप जगात दरवर्षी कित्येक होतात. मग येथेच एवढा संहार का व्हावा? याचे उत्तर जमिनीखाली जितके आहे तितकेच जमिनीवरही आहे. दख्खनचे पठार त्या काळी देशातील सर्वांत स्थिर भूभागांत गणले जाई. १९९२ च्या उत्तरार्धात किल्लारी परिसराला लहान धक्के बसले होते, तरी पुढे एवढा मोठा उत्पात होईल अशी कल्पना कोणास आली नाही. घरे तर पिढ्यानुपिढ्यांच्या रीतीने बांधलेली. मातीत रचलेल्या रुंद दगडी भिंती आणि त्यांवर लाकडी तुळयांच्या आधाराने पसरलेले मातीचे जाड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच माळवद त्या पहाटे काळ ठरले. भिंतीचे आतले व बाहेरचे दगड एकमेकांना बांधणारे लांब दगड पुरेसे नसल्याने भिंती उभ्या उकलल्या आणि छताचा सारा भार खाली आला.

त्या वेळी आम्ही नुकतेच बी. ए. होऊन नोकरीच्या शोधात होतो. गल्लोगल्ली फिरून जुने कपडे गोळा करणाऱ्यांत आम्हीही होतो आणि गठ्ठे रवाना झाल्यावर कर्तव्य पार पडल्याचे समाधानही आम्ही मानले. ते समाधान किती उथळ होते, हे पुढे त्या भागातील एका सहकाऱ्याच्या तोंडून कळले. 'कपडे इतके आले की रस्त्याकडेला पडून राहिले. आम्हांला हवे होते आमचे बोलणे ऐकून घेणारे माणूस,' असे तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. म्हणूनच ते शब्द अधिक लागले.

सुदैवाने ऐकून घेणारी माणसेही पुढे आली. शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुलांना पुण्यास आणून त्यांच्या शिक्षणाचा भार उचलला. ज्ञान प्रबोधिनीने हराळी येथे शाळा उभारून त्या मातीत कायमचे पाय रोवले. मदतीचा ओघ आटल्यावरही जे तेथे राहिले, त्यांचे मोल शब्दांत सांगता येणारे नाही.

शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा प्रचंड कार्यक्रम हाती घेतला. बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली आणि इतरत्र सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती व मजबुती करण्याचे ठरले. नवी घरे भक्कम झाली, परंतु आखीव रस्त्यांच्या त्या विस्तीर्ण वसाहतींत जुन्या गल्लीतला शेजार पांगला, गुरांची जागा आणि शेताची वाट दूर गेली. कित्येक कुटुंबे पक्क्या छताखाली झोपण्यास धजेनात आणि शेजारी उभारलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये रात्री काढीत. भिंत बांधून देता येते. विश्वास बांधून देता येत नाही, हेच खरे.

तो विश्वास निर्माण करण्यात गावच्या स्त्रियांचा वाटा मोठा होता. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मार्गदर्शनाखाली शेकडो गावांतील महिला मंडळांमधून 'संवाद सहायक' नेमण्यात आल्या. ज्यांनी तोवर ग्रामसभेत तोंड उघडले नव्हते, त्या स्त्रिया घरोघरी जाऊन अनुदानाचे हप्ते कसे मिळतात, भिंतीत जोडदगड कोठे बसवावा, दारांच्या वरून घराभोवती सलग पट्टा का हवा, हे समजावून सांगू लागल्या. गवंड्याच्या कामावर देखरेखही त्यांनी केली. पुढे २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादकडील अशा स्त्रिया तेथील भगिनींना धीर व अनुभव देण्यासाठी गुजरातेत गेल्या. काल ज्यांनी मदतीसाठी हात पसरला होता, त्यांनीच आज दुसऱ्याचा हात धरला. याहून मोठे पुनर्वसन कोणते?

हा इतिहास सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मांडण्याचे प्रयोजन केवळ स्मरण हे नव्हे. परमुलखात राहणाऱ्या आपणां सर्वांना मंडळ हेच गावठाण आहे. गणेशोत्सव, कोजागिरी, हळदीकुंकू यांतून आपण जो स्नेह जोडतो, त्याची कसोटी एखाद्या अवेळी लागेल. त्या जुलैच्या पहाटे रस्त्यावर उभे असताना आमच्या ध्यानात आले, की आमच्या सभासद-यादीत पत्त्याची नोंद आहे, वर्गणीची आहे. परंतु कोणत्या घरी वृद्ध दांपत्य एकटे राहते आणि त्यांच्या घराची किल्ली कोणाकडे असते, याची नाही. येथील कित्येक जुन्या घरांची छते दगडी पट्ट्यांची आहेत. ती एकदा जाणत्या अभियंत्यास दाखवावीत, हेही कोणास सुचले नव्हते.

महोत्सवी वर्षात मंडळाने एवढे जरी केले, तरी ते एखाद्या सभागृहाहून कमी मोलाचे ठरणार नाही. पुन्हा कोठे आपत्ती ओढवलीच, तर कपड्यांचा गठ्ठा बांधण्यापूर्वी तेथील माणसांना काय हवे, हे आपण आधी विचारू या. तेरणाकाठच्या त्या माउलींनी आम्हांस शिकविले ते इतकेच. आणि ते शिकावयास आम्हांला तीस वर्षे लागली.