सॉकेट किती दिवसांचा?

घरच्या जुन्या संगणकाला स्वस्तात नवा प्रोसेसर बसवायचा म्हटलं, की आधी किमतींची चौकशी होते. पण अशा बदलाचा इतिहास पाहिला तर खरी मेख सॉकेटमध्ये आहे, आणि सॉकेट किती वर्षं चालणार हे तंत्रज्ञानापेक्षा बाजारातल्या चुरशीने अधिक ठरवलं आहे. नव्वदच्या दशकातला 'सॉकेट ७' घ्या. त्यात इंटेलचा पेंटियम बसे, एएमडीचा के-६ बसे आणि सायरिक्सचा प्रोसेसरही. मदरबोर्ड तोच ठेवून गिऱ्हाईक कंपनी बदलू शकत असे. १९९७ मध्ये पेंटियम टू आणताना इंटेलने 'स्लॉट १' काढला. त्याच्या बसचे हक्क स्वतःकडे राखल्यामुळे प्रतिस्पर्ध्यांना तिथे दार बंद झालं. एएमडीने मग जुनाच सॉकेट ताणला. ४०० मेगाहर्ट्झचा के-६-टू तर जुन्या बोर्डांवरचं २ चं गुणक-सेटिंग ६ असं वाचत असे. त्यामुळे ६६ मेगाहर्ट्झच्या बसवरही तो पूर्ण वेगाने चाले, बोर्डाला २.२ व्होल्ट पुरवता आले की झालं. गरिबाच्या संगणकासाठी याहून चतुर सोय क्वचितच कुणी केली असेल.

यावर असं म्हणता येईल, की कॅशच्या चिपा प्रोसेसरच्या शेजारी ठेवायच्या असल्याने स्लॉट लागणारच होता. १९९७ पुरतं ते मान्य. पण १९९८ च्या ऑगस्टमधल्या सेलेरॉन ३००ए मध्ये १२८ केबी कॅश चिपमध्येच आली. स्लॉटची गरज तिथेच संपली आणि १९९९ मध्ये इंटेल सॉकेटकडे परतली. मात्र तो सॉकेट नवा होता.

दुसरा आक्षेप मेमरीचा. डीडीआर४ जाऊन डीडीआर५ आली की बोर्ड बदलावा लागतो, हे रास्तच आहे. पण २०१७ मध्ये मेमरी बदललेली नव्हती, सॉकेटच्या पिनाही ११५१ च होत्या, तरी इंटेलच्या आठव्या पिढीसाठी नवा बोर्ड सक्तीचा झाला. वीजपुरवठ्याचं कारण सांगितलं गेलं. हौशी लोकांनी मात्र बायॉस बदलून जुन्या बोर्डांवर ते प्रोसेसर चालवून दाखवले. त्याच वर्षी बाजारात पाय रोवू पाहणाऱ्या एएमडीने आपला एएम४ सॉकेट टिकवण्याचा शब्द दिला. २०२० मध्ये तीही कचरली आणि जुन्या बोर्डांना नवी रायझन ५००० मालिका नाकारू लागली. ग्राहकांनी आरडाओरड केल्यावर माघार घेतली. म्हणजे कंपनीच्या उदारतेवर विसंबण्यात अर्थ नाही. आज २०१७ चा बी३५० बोर्ड असलेल्याला बायॉस अद्ययावत करून रायझन ५६०० बसवता येतो; त्याच वर्षीच्या झेड२७० वाल्याची अधिकृत धाव आय७-७७००के पाशी थांबते. तेव्हा प्रोसेसरचा भाव विचारण्याआधी बोर्ड बनवणाऱ्या कंपनीची समर्थित प्रोसेसरची यादी पाहा, आणि बायॉस जुना प्रोसेसर काढण्यापूर्वीच बदलून घ्या.