काजळीची साक्ष



प्रयोगशाळा मी आतून कधी पाहिलेली नाही. माझा जन्म मस्टर आणि तक्रारअर्ज वाचण्यात गेला. तरीही आजचा विषय मी मागून घेतला. कारण रसायनांमुळे पेशीत होणाऱ्या बिघाडाचा इतिहास कामगाराच्या कातडीपासून सुरू होतो.

लंडनचा शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट याने १७७५ साली एक निरीक्षण प्रसिद्ध केले. त्या काळी अरुंद धुराडी झाडण्यासाठी लहान मुलांना आत चढवीत. त्यांच्या अंडकोशाच्या घड्यांत काजळी साचून राही आणि मोठेपणी नेमक्या त्याच जागी कर्करोग होई. दोष काजळीचा, असे पॉटने स्पष्ट सांगितले. १७८८ साली आठ वर्षांखालील मुलांना या कामावर ठेवण्यास कायद्याने मनाई झाली. पण तो कायदा बहुतांशी कागदावरच राहिला. मुलांना धुराड्यात चढवणे थांबले ते १८७५ च्या कायद्यानंतर. मध्ये शंभर वर्षे गेली!

काजळीत असे होते तरी काय? १९१५ साली जपानमध्ये यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांना महिनोन्‌महिने कोळशाचे डांबर लावून कर्करोग निर्माण केला. १९३३ साली लंडनच्या संशोधकांनी त्या डांबरातून बेंझोपायरीन हा पदार्थ वेगळा काढला. काजळीतही तोच असतो. १९५३ साली वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची रचना मांडली, आणि घाव नेमका कोठे बसतो हे शोधण्याची वाट मोकळी झाली.

डीएनएच्या साखळीत चार अक्षरे असतात. अ‍ॅडेनिनची जोडी थायमिनशी, ग्वानिनची सायटोसिनशी. शरीर बेंझोपायरीन बाहेर टाकण्यासाठी त्याचे रूप बदलू लागते, आणि त्या खटपटीत तयार होणारे एक रूप ग्वानिनला चिकटून बसते. पेशीची दुरुस्ती-यंत्रणा असे पुष्कळसे डाग काढून टाकते. पण त्याआधीच डीएनएची नक्कल सुरू झाली, तर डागाळलेले ग्वानिन ओळखू येत नाही आणि समोर सायटोसिनऐवजी बहुधा अ‍ॅडेनिन बसते. पुढच्या नकलेत त्या अ‍ॅडेनिनसमोर थायमिन येते. झाले! ग्वानिनच्या जागी थायमिन कायम झाले. यालाच उत्परिवर्तन म्हणतात.

मस्टरवर ‘गणू’ या नावावर शाई सांडली आणि नवे मस्टर उतरवताना कारकुनाने ‘तानू’ वाचले, असे समजा. नव्या मस्टरवर डाग नाही; चुकीचे नाव मात्र स्वच्छ अक्षरात आहे. आता तक्रार कशाच्या आधारे करणार? पेशीच्या वाढीवर ताबा ठेवणाऱ्या जनुकांत अशा चुका वर्षानुवर्षे साठल्या की कर्करोग उद्भवतो. बालपणीच्या काजळीची शिक्षा मोठेपणी भोगावी लागे, ती यामुळे.

तंबाखूच्या धुरातही बेंझोपायरीन आहे. १९९६ साली संशोधकांनी दाखवले, की पी-५३ या जनुकात ते ज्या जागी अधिक चिकटते, त्याच जागी फुप्फुसाच्या कर्करोगात उत्परिवर्तने वारंवार सापडतात.

परंतु एक गोष्ट विसरू नका. १८९२ साली हेन्री बटलिन या इंग्रज शस्त्रवैद्याने युरोपातील इतर देशांचे धुराडेवाले पाहिले. अंगभर घट्ट पोशाख आणि रोजची अंघोळ यांमुळे त्यांच्यात हा रोग विरळा होता. त्यांना ग्वानिन ठाऊक नव्हते. पाणी आणि कापड पुरेसे झाले. म्हणून ‘पुरावा पूर्ण होऊ द्या, मग बघू’ असे मालक म्हणाला, की मला ती शंभर वर्षे आठवतात.