औषधाची कसोटी कोणाच्या कातडीवर?

तारुण्यपीटिका हा विषय व्याख्यानाला घेतला म्हणजे श्रोत्यांच्या चेहऱ्यावर थोडे स्मित उमटावे, हे साहजिकच आहे. मुरूम वयाबरोबर येतात आणि वयाबरोबर जातात, त्याचे एवढे काय, अशी आपल्या घरोघरची समजूत. खुद्द सुश्रुतानेही या विकाराला क्षुद्ररोगांच्या यादीत घातले. त्याने त्याला मुखदूषिका हे नाव दिले आणि या पुटकुळ्यांना सावरीच्या काट्यांची उपमा दिली. ज्याने सावरीचे कोवळे खोड जवळून पाहिले आहे, त्याला या उपमेतील निरीक्षण पटेल. लोध्र, धने आणि वेखंड यांचा लेपही आयुर्वेदाच्या ग्रंथांत सांगितला आहे. परंतु क्षुद्र म्हणून बाजूला सारलेल्या या विकारावरील औषधांचा विसाव्या शतकातील इतिहास चाळू लागलो, तर तो हसण्यावारी नेण्यासारखा मुळीच नाही. नवे औषध प्रथम कोणाच्या कातडीवर लावून पाहायचे, हा एकच प्रश्न त्या इतिहासात पुन्हापुन्हा डोके वर काढतो. त्याला वेळोवेळी दिली गेलेली उत्तरे पाहण्यासारखी आहेत.

आधी मुरूम म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. आपल्या त्वचेतील केसाच्या मुळाशी एक बारीक तैलग्रंथी असते. तिच्यातील पेशी तेलाने भरत जातात, फुगतात आणि अखेर स्वतःच फुटतात. त्यांचे फुटणे हेच तेलाचे स्रवणे. वयात येताना पुरुष-संप्रेरकांच्या योगाने (ही संप्रेरके मुलींच्या शरीरातही असतात) या ग्रंथी मोठ्या होतात. त्याच सुमारास रोमकूपाच्या तोंडाशी मृत पेशींचा चिकट बोळा बसतो. आत तेल साचते, त्यावर एक जीवाणू पोसला जातो, भोवती दाह सुरू होतो आणि पुळी वर येते. या जीवाणूला १८९६ पासून ओळखतात. २०१६ मध्ये त्याचे नाव बदलून क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस असे ठेवण्यात आले. तेल, बोळा, जीवाणू आणि दाह ही चौकडी ध्यानात ठेवावी, कारण पुढे प्रयोगशाळेतील बशीत यांपैकी कोण हजर आहे आणि कोण गैरहजर, यावरच सारे अवलंबून आहे.

एक अडचण मात्र प्रारंभापासूनच होती. माणसाचा मुरूम जनावरांत जवळजवळ आढळत नाही. माणसाच्या त्वचेवरील तेल मोठे विलक्षण आहे. त्यात स्क्वालीन भरपूर असते आणि सेपिएनिक आम्ल नावाचे एक मेदाम्ल असते, त्याच्या नावातच ‘सेपिअन्स’, म्हणजे मनुष्यजाती, दडली आहे. तेव्हा उंदीर किंवा गिनीपिग यांच्यावर मुरमाचे औषध तपासणे म्हणजे ज्याला सर्दीच होत नाही त्याला काढा पाजण्यापैकी झाले. त्यातल्या त्यात सशाचा कान उपयोगी पडला. क्लोरीनयुक्त रसायने हाताळणाऱ्या कामगारांच्या अंगावर मुरमांसारख्या पुळ्या येत. ती रसायने सशाच्या कानाच्या आतल्या बाजूस लावली असता तेथेही रोमकूप बुजतात, असे अमेरिकेत १९४१ च्या सुमारास दिसून आले. पुढे अनेक वर्षे सशाचा कान हीच कसोटी राहिली.

आता या इतिहासातील सर्वांत अंधारे प्रकरण. फिलाडेल्फिया शहरात होम्सबर्ग नावाचा तुरुंग होता. १९५१ मध्ये कैद्यांच्या पायांना बुरशीचा उपद्रव झाला म्हणून पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. अल्बर्ट क्लिगमन यांना तेथे बोलावण्यात आले. आत पाऊल टाकताच आपल्याला कातडीची एकरच्या एकर जमीन दिसली, असे त्यांनी पुढे १९६६ मध्ये एका वृत्तपत्राला सांगितले. शेतकऱ्याच्या तोंडी शोभणारी ही भाषा वैद्याने माणसांविषयी वापरावी, यावर वेगळे भाष्य करण्याची गरज नाही. तेव्हापासून १९७४ पर्यंत त्या तुरुंगात कैद्यांच्या पाठींवर, दंडांवर आणि चेहऱ्यांवर शेकडो पदार्थांचे प्रयोग झाले. कैद्यांना थोडे पैसे मिळत, आणि तुरुंगात दुसऱ्या कोणत्याही कामाला तेवढे मिळत नसत. त्यांतील पुष्कळ जण काळे होते, पुष्कळ जण अल्पशिक्षित होते, आणि काही तर खटला उभा राहण्याचीच वाट पाहत असलेले, म्हणजे अद्याप दोषी न ठरलेले होते.

१९६५-६६ मध्ये डाऊ केमिकल या कंपनीसाठी तेथे डायॉक्सिन या अतिविषारी द्रव्याची चाचणी झाली. हेतू असा की, कामगारांना येणाऱ्या पुळ्या किती मात्रेने येतात ते कळावे. आरंभीच्या अल्प मात्रांनी काही होईना. तेव्हा डॉ. क्लिगमन यांनी ठरवून दिलेल्या मात्रेच्या कित्येक पट द्रव्य दहा कैद्यांच्या त्वचेवर लावले. आठ जणांना पुळ्या आल्या आणि त्या काही महिने टिकल्या. त्या लवकर बऱ्या व्हाव्यात म्हणून उपचार करण्यात आला नाही. मुरूम बरा करण्याची विद्या आणि मुरूम मुद्दाम उठवण्याची विद्या एकाच छताखाली, एकाच हाताने चालली होती.

आणि तरीही, येथेच गोष्ट अवघड होते. मुरमांवरील आधुनिक औषधांत ज्याचे स्थान फार वरचे आहे ते ट्रेटिनॉइन, म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्वापासून निघालेले आम्ल, याच डॉ. क्लिगमन यांच्या हातून सिद्ध झाले. त्यांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मुरमांवरील निबंध १९६९ चा, आणि अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली १९७१ मध्ये. रोमकूपाच्या तोंडचा बोळा ते सैल करते. आपल्याकडील औषधाच्या दुकानांतही ते मिळते आणि डॉक्टर ते लिहून देतात. ते वापरू नये असे कोणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण त्या ट्यूबच्या मागे होम्सबर्गच्या भिंती उभ्या आहेत, हे वापरणाऱ्याला माहीत असावे एवढेच.

कैद्यांवरील संशोधनाला अमेरिकेच्या संघराज्य सरकारने १९७८ मध्ये कडक नियम घातले. २००० मध्ये सुमारे ३०० माजी कैद्यांनी दावा लावला, तो मुदत टळली म्हणून फेटाळला गेला. विद्यापीठाच्या वैद्यकशाखेने २०२१ मध्ये आणि फिलाडेल्फिया शहराने २०२२ मध्ये माफी मागितली. डॉ. क्लिगमन २०१० मध्येच वारले होते.

कैदी गेला, ससा राहिला. १९७२ मध्ये डॉ. क्लिगमन यांनीच सौंदर्यप्रसाधनांमुळे येणाऱ्या मुरमांविषयी लिहिले, आणि त्यासाठीही सशाचा कान वापरला. परंतु सशाचा कान फार हळवा. माणसाच्या चेहऱ्यावर ज्याने काही होत नाही असे पदार्थही तेथे रोमकूप बुजवतात, असे पुढे दिसून आले. आजही पुष्कळ क्रीमच्या डब्यांवर ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ हा भारदस्त शब्द छापलेला असतो. त्यामागे कायद्याने ठरवलेली एकच एक कसोटी नाही, हे गिऱ्हाइकाने जाणून असावे.

तिसरी वाट निघाली ती मुरमांचा विचारही मनात नसलेल्या माणसांकडून. शरीराबाहेर पेशी जिवंत ठेवता येतात हे रॉस हॅरिसन यांनी १९०७ मध्ये बेडकाच्या मज्जापेशींवर दाखवले होते. पण त्वचेच्या वरच्या थरातील पेशी मोठ्या हट्टी. बशीत त्या एकतर वाढत नसत किंवा संयोजक ऊतकातील पेशी त्यांच्यावर कुरघोडी करीत. १९७५ मध्ये अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत हॉवर्ड ग्रीन आणि त्यांचे विद्यार्थी जेम्स राइनवाल्ड हे उंदराच्या एका अर्बुदाच्या पेशींवर काम करीत होते. त्या बशीत त्यांना त्वचेसारख्या पेशींची बेटे उगवलेली दिसली. खाली उंदराच्या दुसऱ्या पेशींचा थर होता, आणि त्या पेशी किरणोत्साराने अशा निकामी केलेल्या होत्या की, जिवंत राहतील पण विभागणार नाहीत. जणू दाई. हीच युक्ती माणसाच्या त्वचेला लागू पडली. नाणेभर कातडीतून पुष्कळ कातडी उगवू लागली.

तिचा पहिला मोठा उपयोग भाजलेल्या माणसांसाठी झाला. १९८३ मध्ये अमेरिकेतील वायोमिंगमध्ये पाच आणि सहा वर्षांचे दोन भाऊ ९५ टक्क्यांहून अधिक भाजले. उसनी घ्यावी एवढीही कातडी त्यांच्या अंगावर उरली नव्हती. त्यांच्याच त्वचेचे लहानसे तुकडे घेऊन ग्रीन यांच्या प्रयोगशाळेने त्यांतून त्वचेचे पापुद्रे वाढवले. त्यांनी मुलांच्या शरीराचा अर्ध्याहून अधिक भाग झाकला गेला आणि दोघेही वाचले. बशीतल्या त्वचेचा विषय निघाला की सौंदर्यप्रसाधनांची आठवण आधी होते, पण या विद्येने पहिली कमाई केली ती येथे.

मात्र बशीत बुडालेली त्वचा ही अर्धीच त्वचा. आपली त्वचा खालून रक्ताने भिजलेली आणि वरून हवेत उघडी असते. १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत संशोधकांनी, विशेषतः फ्रान्समध्ये, पेशींचा थर कोलॅजेनच्या पडद्यावर ठेवून खाली पोषक द्रव आणि वर हवा अशी रचना केली. तेव्हा त्या पेशी आपसूक थरांवर थर रचू लागल्या आणि सर्वांत वर मृत पेशींचे कठीण कवचही तयार झाले. आता अशा नखाएवढ्या चकत्या कारखान्यात तयार होऊन विकल्या जातात. चाचणीची रीत सांगण्यासारखी आहे. चकतीवर पदार्थ ठरावीक वेळ ठेवतात, धुऊन काढतात, मग पेशींना सुमारे ४२ तास सावरू देतात. त्यानंतर एक पिवळे रंगद्रव्य घालतात. जिवंत पेशी त्याचा जांभळा रंग करतात, मेलेल्या पेशींना ते साधत नाही. जांभळेपणा निम्म्यावर किंवा त्याहून खाली आला तर तो पदार्थ त्वचेला दाहक समजायचा. ही रीत २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आली. त्याच कामासाठी १९४४ पासून सशाची पाठ भादरून त्यावर रसायन लावीत आणि लाली किती चढली ते डोळ्यांनी मोजीत.

पण या चकतीला मुरूम येत नाही! तिच्यात रोमकूप नाही आणि तैलग्रंथीही नाही. म्हणून तैलग्रंथीच्या पेशी वेगळ्या वाढवणे भाग पडले. त्या बशीत थोड्या पिढ्या चालत आणि मग थांबत. १९९९ मध्ये बर्लिन येथे क्रिस्टोस झुबुलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका विषाणूचे जनुक घालून अशा पेशींना अखंड विभागण्याची शक्ती दिली. त्या वाणाचे नाव एस-झेड-९५. गंमत अशी की, जगभर तारुण्यपीटिकांच्या संशोधनात वापरला जाणारा हा वाण ८७ वर्षांच्या एका वृद्धेच्या चेहऱ्यावरील त्वचेतून निघाला आहे. तारुण्याच्या विकाराचे रहस्य आजीबाईंच्या गालाला विचारायचे! या पेशी तेलाचे थेंब साठवतात. थेंबांना रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की औषधाने तेल घटले की नाही ते कळते. नुसत्या पुरुष-संप्रेरकाला मात्र त्या फारसा जुमानत नाहीत. जोडीला मेदाम्ल घातले म्हणजे थेंब वाढतात. षोडशीच्या कपाळावरील ग्रंथी आणि बशीतील ही पेशी यांत एवढे अंतर आहेच.

अशा पेशींनी काय साधले याचे एक उदाहरण देतो. आयसोट्रेटिनॉइन हे पोटात घेण्याचे औषध. १९७९ मध्ये १४ रोग्यांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला, त्यांत १३ जणांचे तीव्र मुरूम पूर्णपणे गेले. १९८२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. औषध चालते हे सर्वांना दिसत होते, पण तैलग्रंथी आकसते ती कशी, हे नीट उमगले नव्हते. २००६ मध्ये पेन्सिल्व्हेनियातच, होम्सबर्गपासून फार दूर नाही अशा हर्शी येथे, दुसऱ्या एका मानवी तैलपेशींच्या वाणावर असे दिसले की, या औषधाने पेशी विभागणे थांबवतात आणि नियोजित मरण पत्करतात. चोवीस वर्षे वापरात असलेल्या औषधाचे हे स्पष्टीकरण बशीने दिले.

परंतु याच औषधाने बशीची मर्यादाही दाखवून दिली आहे. गरोदर स्त्रीने ते घेतल्यास गर्भात गंभीर व्यंगे निर्माण होतात. तैलपेशींच्या बशीला हे कधीही कळले नसते, कारण तिला गर्भाशय नाही, यकृत नाही, रक्तप्रवाह नाही. म्हणून बशीत यशस्वी ठरले एवढ्यावरून कोणी मुरमांचे नवे औषध विकू लागला, तर त्याला विचारावे की, बाकीचे शरीर कोठे ठेवलेस?

पेशींच्या मालकीचा प्रश्नही सुटलेला नाही. १९५१ मध्येच, ज्या वर्षी होम्सबर्गचे दार उघडले त्याच वर्षी, बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या काळ्या स्त्रीच्या अर्बुदातून तिला न विचारता पेशी घेतल्या गेल्या. त्या जगभर वाढवल्या आणि विकल्या गेल्या. एका कंपनीने तिच्या वारसांशी समझोता केला तो २०२३ मध्ये. प्रयोग शरीरावरून बशीत गेला, तरी बशी भरण्यासाठी कोणाचे तरी शरीर लागतेच.

आपल्या देशापुरते सांगायचे तर, सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करण्यास भारत सरकारने २०१४ मध्ये बंदी घातली. युरोपीय संघाने अशा चाचण्या २००४ आणि २००९ मध्ये थांबवल्या होत्या, आणि अशा मालाच्या विक्रीवरील बंदी २०१३ मध्ये पूर्ण झाली. औषधांचा कायदा निराळा. त्यात २०२३ च्या दुरुस्तीने पेशींवर आधारित पद्धतींना वाट मोकळी करून दिली. ज्यांना त्वचेच्या पेशी हव्या असतात ते भारतीय संशोधक पुष्कळदा पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राकडे मागणी करतात. १९८६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत पेशींचे भांडार आहे. तेथून जाणाऱ्या वाणांपैकी एक १९८८ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ६२ वर्षांच्या एका पुरुषाच्या त्वचेतून तयार झाला. औषध बशीतून उतरल्यावर शेवटी ते माणसाच्या चेहऱ्यावर लावावेच लागते, आणि तेथे आपल्याकडचा नियम असा आहे की, परिस्थितीने दुबळ्या असलेल्या माणसावर नव्या औषधाची चाचणी करायची असेल, तर त्याला सारे समजावून सांगून संमती घेतानाचे दृश्य आणि आवाज दोन्ही नोंदवून ठेवावे लागतात.