कोल्हापूरच्या तालमी आणि फुटबॉल



आम्ही पुण्याच्या मार्केट यार्डातून बोलतोय. इथल्या गूळ-भुसार विभागात कोल्हापूरचं नाव निघालं की आधी गुळाच्या ढेपी आठवतात. मग अंबाबाई, चपला, तांबडा-पांढरा रस्सा आणि कुस्ती. पण कोल्हापूरच्या पेठांमध्ये हिवाळा लागला की चर्चा असते ती फुटबॉलची. सगळा महाराष्ट्र क्रिकेटच्या मागे आणि हे एक शहर फुटबॉलच्या मागे, असं कसं झालं? आज त्याची गोष्ट सांगतो. त्या गोष्टीत आपण बायका कुठे होतो, तेही पाहू.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. दोन संघ, प्रत्येकी अकरा जण आणि एक चेंडू. नव्वद मिनिटांत चेंडू पायाने ढकलत समोरच्याच्या जाळ्यात घालायचा. हाताने धरायची मुभा फक्त जाळं राखणाऱ्या गोलरक्षकाला. बाकी ना बॅट लागते, ना पॅड. गरिबाघरच्या पोराला परवडतो तो यामुळेच.

आता तालीम म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. लाल माती, जोर-बैठका, मारुतीची तसबीर. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला मोठा आधार दिला. खासबागचं कुस्ती मैदान त्यांच्याच काळातलं, १९१२ सालचं. पेठेपेठेत तालमी होत्या. तालीम नुसती व्यायामाची जागा नव्हती. गणपती तिथे बसायचा, गल्लीतला तंटा तिथे मिटायचा, अडल्यानडल्याला माणसं तिथून धावायची.

फुटबॉल आला इंग्रजांबरोबर. पलटणी आणि शाळा-कॉलेजांतून तो देशभर पसरला. शिमल्याला ड्युरँड चषकाची स्पर्धा सुरू झाली ती १८८८ साली. ती पलटणींचीच होती. कोल्हापूर हे संस्थान. तिथे खेळाला राजघराण्याचा आश्रय मिळाला आणि १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन ही संस्था उभी राहिली. लोक तिला केएसए म्हणतात. शहरातले फुटबॉलचे सामने आजही तीच भरवते आणि ते होतात खासबागेजवळच्या शाहू स्टेडियमवर.

पण राजाश्रय पुष्कळ ठिकाणी होता, सगळीकडे फुटबॉल टिकला नाही. आम्हाला वाटतं, कोल्हापुरात तो टिकला कारण त्याला तयार घर मिळालं. ते घर म्हणजे तालीम. संघांची नावंच ऐका: खंडोबा तालीम मंडळ, पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, फुलेवाडी क्रीडा मंडळ. एक प्रॅक्टिस क्लब सोडला तर इंग्रजी नाव शोधावं लागतं. ही नावं ऐकली की पत्ता ऐकल्यासारखं वाटतं. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, अमुक गल्ली. संघ जिंकला की पेठ जिंकली, हरला की पेठेच्या घशाखाली घास उतरत नाही.

हे संघ हौशी. हौशी म्हणजे पोटासाठी नाही, आवडीसाठी खेळणारे. संघामागे मंडळ असतं. ते वर्गणी गोळा करतं, देणगीदार गाठतं, बूट-जर्सीची सोय बघतं. आजचा खेळाडू उद्या लहान पोरांना शिकवतो, परवा मंडळाचा कार्यकर्ता होतो. मैत्रिणींनो, हे ऐकताना तुम्हाला तुमचा बचत गट आठवला असेल. थोडे थोडे पैसे, सगळ्यांचा हात, हिशोबाची वही आणि एकमेकींवरचा भरवसा. अशी माणसं एकत्र बांधलेली असली की एखाद्या वर्षी हार आली तरी मंडळ मोडत नाही.

ही बांधणी मैदानाबाहेरही उपयोगी पडते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला, तेव्हा कोल्हापुरातल्या तालमी आणि मंडळांची पोरं माणसं बाहेर काढायला, जेवण पोचवायला उतरली होती. रोज संध्याकाळी एकत्र धावणाऱ्यांना संकटात वेगळं बोलवावं लागत नाही.

सगळंच गोड आहे असं नाही. पेठेचा अभिमान कधी कधी डोक्यात जातो. प्रेक्षकांत हाणामाऱ्या झाल्या, सामने थांबवावे लागले. जिंकायच्या ईर्षेने बाहेरचे, अगदी परदेशी खेळाडूही संघात आणले गेले. मग खर्च वाढतो आणि गल्लीतला पोरगा बाकावर बसून राहतो. मान राखायच्या नादात माणूसच मागे पडला तर तो मान कोणाचा, हा प्रश्न कोल्हापूरकरही स्वतःला विचारतात.

तरी याच मातीतून मोठे खेळाडू निघाले. २०१७ साली सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक भारतात झाला. भारताने दिल्लीत अमेरिका, कोलंबिया आणि घाना यांच्याशी सामने खेळले. त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. बायका कुठे होत्या? तालीम ही पुरुषांची जागा. तिथल्या मातीत बाईने पाऊल टाकायचं नाही, अशी रीत. तालमीच्या घरात फुटबॉल वाढला, तसा त्या घराचा उंबराही त्याला चिकटला. पेठेचा संघ म्हणायचं, पण पेठेत निम्म्या बायकाच की! मातीने भरलेले कपडे कोणी धुतले, दमून आलेल्या पोराला भाकरी कोणी वाढली, मुरगळलेला पाय कोणी शेकला? चषकावर ही नावं कोरत नाहीत.

हे फक्त आपल्याकडचं नाही. इंग्लंडात प्रेस्टन नावाचं गाव आहे. पहिल्या महायुद्धात पुरुष लढाईवर गेले आणि तिथल्या डिक, कर कारखान्यात बायका तोफगोळे बनवू लागल्या. कामाच्या सुट्टीत त्या फुटबॉल खेळायच्या. त्यांनी संघ काढला. १९१७ च्या नाताळात त्यांचा सामना बघायला दहा हजार माणसं आली आणि जमलेला पैसा जखमी सैनिकांच्या इस्पितळाला गेला. १९२० साली लिव्हरपूलच्या मैदानावर त्रेपन्न हजार लोक आले. पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ ला, तिथल्या फुटबॉल संघटनेने ठराव केला की हा खेळ बायकांना शोभत नाही, आपल्या सभासद क्लबांनी त्यांना मैदान देऊ नये. हा ठराव उठायला जवळजवळ पन्नास वर्षं गेली. पण त्या बायांचा संघ मिळेल त्या मैदानावर १९६५ पर्यंत खेळत राहिला.

मैदान नाकारलं की खेळ नाकारल्यासारखंच असतं, हे त्यातून कळतं. आणि मैदान दिलं की काय होतं, तेही दिसतंय. कोल्हापुरात आता मुलींचे संघ खेळतात. २०२२ च्या सुरुवातीला महिलांचा आशिया चषक आपल्या राज्यात झाला. त्यातले काही सामने इथेच, पुण्यात बालेवाडीला झाले.

आपल्या गावाचं काय? शाळेचं पटांगण असतं, गायरानाचा तुकडा असतो. संध्याकाळी तिथे कोण असतं? मुलगे. मुली पाणी भरतात, धाकट्याला सांभाळतात, नाहीतर दारातून बघतात. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची, असं कायदा सांगतो. त्या सभेत रस्ता, पाणी, दिवा याबरोबर हाही विषय मांडा: आठवड्यातले दोन दिवस संध्याकाळी पटांगण मुलींचं. ठराव लिहून घ्या, वाचून घ्या, मग सही करा. आणि त्या दोन दिवशी गटातल्या दोघी-तिघींनी तिथे जाऊन बसा. मुलींना धीर येतो आणि बघणाऱ्यांच्या तोंडाला कुलूप लागतं.

चेंडूला फार पैसे लागत नाहीत, गटाच्या वर्गणीतून सहज येतो. कोल्हापूरच्या तालमींनी पेठेच्या जोरावर खेळ इतकी वर्षं जगवला. आपल्याकडे पेठ नसेल, पण गट आहे. पुढच्या बैठकीत एवढंच विचारा: आपल्या गावातल्या किती मुलींनी शेवटचं मोकळ्या मैदानावर धावून पाहिलंय, आणि कधी?