तेलगळती, मोटारसायकल इंजिनातील

मोटारसायकलच्या इंजिनातले वंगणतेल जोड, फिरत्या शाफ्टवरची ऑईल सील, बोल्टचे आटे किंवा तडकलेले ओतीव भाग यांतून बाहेर येणे. शंभर सीसीच्या गाडीत सगळे मिळून सुमारे एक लिटर तेल असते. त्यामुळे दोनतीनशे मिलिलिटरची तूटही कॅमशाफ्ट आणि क्रँकच्या बेअरिंगला भोवते. तेल मागच्या टायरवर उडाल्यास गाडी घसरते. या नोंदीत मुख्यतः मुंबईच्या गिरगाव, दादर, परळ, लालबाग भागांत चालणाऱ्या, हवेने थंड होणाऱ्या एकसिलिंडर फोर-स्ट्रोक इंजिनांचा विचार केला आहे. तेल जिथे दिसते ती जागा आणि ते ज्यामुळे बाहेर येते ते कारण यांत फरक करणे हा दुरुस्तीचा पाया होय. बहुतेक फसलेल्या दुरुस्त्या हा फरक न केल्याने फसतात.

कारणे : तेल अडवणारे भाग तीन प्रकारचे. दोन स्थिर पृष्ठांमधले पॅकिंग, शाफ्टला लवचिक कडेने लगटून राहणारे ऑईल सील आणि खाचेत बसणारी ओ-रिंग. पूर्वी ही कामे कॉर्क, नमदा आणि चामड्याकडून होत. ओ-रिंगचे अमेरिकी पेटंट नील्स क्रिस्टेन्सेन या मूळच्या डॅनिश तंत्रज्ञाला १९३९ मध्ये मिळाले. आज बहुतेक सील नायट्राइल रबराची असतात. उष्णतेने ती वर्षागणिक कडक होतात. बाहेर काढलेले जुने सील वाकवले की तडकते.

रबराच्या वयापेक्षा महत्त्वाचे, पण गॅरेजमध्ये सर्वांत कमी तपासले जाणारे कारण म्हणजे इंजिनातला दाब. पिस्टन खाली येतो तेव्हा त्याखालची हवा दाबली जाते. ३४६ सीसीच्या बुलेटमध्ये प्रत्येक फेऱ्याला तितकीच हवा ढकलली जाते. तिला ब्रीदर पाइपने वाट मिळाली नाही, तर ती सर्वांत दुबळ्या सीलमधून तेलासह बाहेर पडते. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की ज्वलनाचे वायूही खाली उतरतात आणि दाब वाढतो. अशा गाडीचे सील बदलले तर गळती थोडे दिवस थांबते आणि दुसऱ्या जागी सुरू होते. प्रमाणाबाहेर भरलेले तेलही हाच परिणाम करते.

तिसरे कारण धातूंचे. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावते. ॲल्युमिनियमच्या चेंबरवर (क्रँककेसवर) बिडाचे बोअर (सिलिंडर) बसवलेल्या इंजिनात त्या दोहोंमधले पॅकिंग इंजिन तापून निवताना दर वेळी घासले जाते. चौथे कारण माणसाच्या हातचे : जास्त जोर लावून घालवलेले आटे.

मुंबईतील परिस्थिती : जे. जे. उड्डाणपूल, वांद्रे-वरळी सागरी सेतू (२००९) आणि किनारी रस्ता (२०२४) या तिन्हींवर दुचाकींना मनाई आहे. भायखळ्याहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसकडे जाणारी मोटारसायकल जे. जे. पुलाखालच्या मोहम्मद अली रस्त्याने, सिग्नल आणि हातगाड्यांमधून सरकत जाते. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला वारा लागतो तो गाडी धावताना. पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये रेंगाळणाऱ्या इंजिनाचे हेड तापत राहते आणि हेडजवळच्या ओ-रिंगा लवकर जातात. गणेशोत्सवातल्या लालबाग-परळमध्ये हीच स्थिती मध्यरात्रीनंतरही असते.

जागेची टंचाई हाही घटक आहे. चाळींच्या बोळांत आणि फुटपाथकडेला गाड्या साइड स्टँडवर, डावीकडे कलून, रात्रभर उभ्या असतात. तेल डाव्या बाजूला साचून गियर शाफ्टच्या सीलवर आणि मॅग्नेट कव्हरच्या पॅकिंगवर उभे राहते. मेन स्टँडवर कोरडी राहणारी गाडी साइड स्टँडवर गळते, याचा उलगडा यात आहे.

पावसाळ्यात हिंदमाता परिसरात पाणी साचते. पाणी ब्रीदरच्या किंवा एअर फिल्टरच्या वर गेले तर ते इंजिनात शिरते आणि तेल दुधी होते. अशी गाडी किक न मारता ढकलत न्यावी, तेल काढून टाकावे, नवे भरून थोडा वेळ चालवून तेही बदलावे. दाबाच्या पाण्याने धुताना सीलच्या कडेवर थेट झोत मारू नये.

निदान : आधी द्रव ओळखावा. काळपट आणि बुळबुळीत असेल तर इंजिनाचे तेल. वास मारून उडून जाणारे पेट्रोल. पुढच्या फोर्कच्या नळीवरून ओघळणारे फोर्कचे तेल. पुढच्या स्प्रॉकेटच्या कव्हरखाली साठणारा चिकट काळा मळ पुष्कळदा चेनवर मारलेल्या वंगणाचा असतो आणि त्यावरून गियर शाफ्टचे सील विनाकारण बदलले जाते.

त्यानंतर पातळी पाहावी. गाडी मेन स्टँडवर सरळ उभी करून, इंजिन काही मिनिटे चालवून, बंद करून थोडे थांबावे. हिरो होंडाच्या परंपरेतल्या गाड्यांत डिपस्टिक आट्यांत न फिरवता नुसती टेकवून वाचतात. फिरवून वाचल्यास पातळी खरी असते त्याहून जास्त दिसते. इतर कंपन्यांची रीत वेगळी असू शकते, म्हणून गाडीची पुस्तिका पाहावी.

मग ब्रीदर पाइप काढून फुंकून पाहावा. हे काम दोन मिनिटांचे आहे आणि सील बदलण्याआधी ते झालेच पाहिजे.

यानंतरच गळतीची जागा शोधावी. थंड इंजिन केरोसीन किंवा डिझेलच्या ब्रशने धुऊन, फडक्याने पुसून, पूर्ण कोरडे करावे. संशयित जोडांवर टाल्कम पावडर शिंपडावी आणि गाडी थोडे अंतर चालवावी. तेल वजनाने खाली आणि वाऱ्याने मागे जाते. म्हणून ओल्या डागांपैकी सर्वांत वरचा आणि सर्वांत पुढचा डाग महत्त्वाचा. खालच्या ड्रेन बोल्टवरून टपकणारे तेल बरेचदा हेड कव्हरच्या ओ-रिंगमधून निघालेले असते. स्प्लेंडरसारख्या इंजिनात हेडच्या डाव्या कव्हरची ओ-रिंग, टायमिंग चेन टेन्शनरचा बोल्ट, न्यूट्रल स्विच, किक शाफ्ट व गियर शाफ्टची सील आणि मॅग्नेटच्या वायरींचे रबर या जागा याच क्रमाने पाहाव्यात.

दुरुस्ती : कव्हर काढताना जोडात पेचकस घालून उचकू नये, पृष्ठाला पडलेला एक ओरखडा नव्या पॅकिंगलाही गळायला लावतो. जुने पॅकिंग खरवडण्याआधी भिजवावे, कारण जुन्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे आणि त्याची कोरडी धूळ फुप्फुसाला घातक असते. कव्हर सपाट आहे की नाही हे काचेवर ठेवून पाहता येते. किंचित वाकले असेल तर काचेवर एमरी पेपर अंथरून हलक्या हाताने घासतात. सहा मिलिमीटरचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, सुमारे १० न्यूटन-मीटर इतकेच आवळावेत. ड्रेन बोल्टचे तांब्याचे वॉशर लालसर तापवून थंड केल्यास पुन्हा मऊ होते. ॲल्युमिनियमचे वॉशर नवेच घालावे.

ऑईल सील बसवण्याआधी शाफ्टवर नखाने तपासावे. सीलच्या कडेने खाच पडलेली असल्यास नवे सील त्याच खाचेवर बसून पुन्हा गळते. अशा वेळी ते किंचित आत किंवा बाहेर बसवतात. आटे गेले असतील तर लेथवाल्याकडून हेलिकॉइल (तारेच्या वेटोळ्याचे नवे आटे) बसवून घेणे हाच टिकाऊ उपाय. टेप गुंडाळणे नव्हे. ओ-रिंगा, सील आणि बेअरिंग नागदेवी स्ट्रीट व नारायण धुरू स्ट्रीटवर मापाने मिळतात. मात्र माप जुळले तरी रबराचा दर्जा जुळतोच असे नाही.

सिलिकॉनच्या ट्यूबविषयी मतभेद आहेत. काही कारागीर कागदी पॅकिंगवर पातळ थर देतात, काही अजिबात देत नाहीत. जोडातून आत पिळला गेलेला जादा थर मात्र तुटून तेलाच्या जाळीत अडकतो. सिंथेटिक तेलाने जुनी गाडी गळू लागते का, यावरही एकमत नाही. तेल निवडताना ओल्या (तेलात चालणाऱ्या) क्लचसाठी जॅसो या जपानी मानकाचा एमए किंवा एमए२ हा दर्जा पाहणे आवश्यक आहे.

बुलेट (बिडाचे इंजिन) : मद्रासला १९५५ पासून घडू लागलेले हे इंजिन थोड्याफार फरकांनी सुमारे २०१० पर्यंत बनत होते. ७० मिमी बोअर, ९० मिमी स्ट्रोक, वेगळा गियरबॉक्स. तेलाचा साठा चेंबरमध्येच, पण क्रँकपासून वेगळ्या कप्प्यात असतो. एक पंप तेल पुरवतो, दुसरा परत आणतो. गाडी बरेच दिवस उभी राहिली की साठ्यातले तेल पंपातून झिरपत क्रँकच्या कप्प्यात उतरते. किक मारताच ते ब्रीदरमधून फेकले जाते आणि मालक इंजिन फुटल्याच्या समजुतीने गॅरेज गाठतो. डिपस्टिकवर तेल कमी दिसते म्हणून यात भर घालणे ही नेहमीची चूक. आधी गाडी काही मिनिटे चालवावी, तेल साठ्यात परतू द्यावे आणि मग मोजावे.

ब्रीदरच्या टोकाशी चपट्या तोंडाचे रबर असते. ते हवा बाहेर जाऊ देते, आत येऊ देत नाही. फाटल्यास किंवा चिकटल्यास सगळे जोड एकदम पाझरू लागतात. किंमत नगण्य असलेल्या या रबराच्या तपासणीने अनेक इंजिने उघडावी लागत नाहीत. प्राथमिक चेनचे डावे कव्हर मधल्या एकाच नटवर धरलेले असते. गळते म्हणून तो नट अधिक आवळला की कव्हर वाकते आणि गळती वाढते. उपाय कडेचे रबर बदलण्यात आहे. त्या कव्हरमधले तेल आपोआप वाढत असेल, तर डाव्या बाजूचे क्रँकचे सील गेले आहे. उजवे टायमिंग कव्हर उघडल्यास आतले कॉर्कचे सील बदललेच पाहिजे. ते बाहेर गळत नाही, पण त्यातूनच बिग एंडला (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडील बेअरिंगला) तेल जाते. रॉकरकडे जाणाऱ्या बाहेरच्या नळ्यांच्या बोल्टखालची वॉशरे तापवून मऊ करावीत. २००८-०९ पासून आलेल्या एकत्रित इंजिन-गियरबॉक्सच्या बुलेटमध्ये यांपैकी बहुतेक जागा उरल्या नाहीत. बिडाची बुलेट गळणारच, हा समज ब्रीदर आणि पृष्ठे नीट राखलेल्या गाडीच्या बाबतीत टिकत नाही.

टू-स्ट्रोक (राजदूत, येझदी, आरएक्स १००) : क्लचच्या बाजूचे क्रँक सील गेल्यास गियरबॉक्सचे तेल आत ओढले जाऊन जळते, बाहेर डाग नसतो, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो.

पाण्याने थंड होणारी इंजिने : वॉटर पंपाखालच्या छिद्रातून पाणी गळते की तेल ते पाहावे, त्यावरून पंपाचे कोणते सील गेले ते कळते.

वापरलेले तेल : काढलेले तेल पावसाळी गटारात ओतू नये, शहराच्या या भागातली गटारे समुद्राला मिळतात. झाकणाच्या डब्यात साठवून ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे जाईल अशा गॅरेजला द्यावे. २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार वापरलेले तेल धोकादायक कचऱ्यात मोडते.