चषक नव्हे, करंडक

13 जुलै 2025 रोजी न्यू जर्सीत चेल्सीने पॅरिस सेंट-जर्मेनला 3-0 असे हरवले आणि चेल्सीने 'क्लब विश्वचषक' उंचावला, असे आपण म्हणालो. पण उंचावलेल्या त्या वस्तूत घोटभर पाणी राहिले नसते. ती आहे सोन्याचा मुलामा दिलेली चकती. तिला किल्ली आहे. ती फिरवली की चकती उलगडते आणि ग्रहांच्या कक्षांसारखी कडी चहूकडे पसरतात. पृष्ठभागावर 13 भाषांतला आणि ब्रेल लिपीतला मजकूर कोरलेला आहे, फुटबॉल महासंघाच्या 211 सदस्य संघटनांची नावेही आहेत. मिटवून ठेवायची, किल्लीने उघडायची, अंगावर अक्षरे मिरवणारी ही मौल्यवान वस्तू चषक कशी? मराठीत तिच्यासाठी नेमका शब्द आहे: करंडक. चुकीचा शब्द तिला का चिकटला, याची कुळकथा मात्र थेट विदर्भात येते.

स्पर्धेचा इतिहास थोडक्यात असा. 1960 मध्ये युरोप आणि दक्षिण अमेरिकेच्या विजेत्या क्लबांत आंतरखंडीय चषक सुरू झाला. पहिल्यांदा रेआल माद्रिदने उरुग्वेच्या पेन्यारोलला नमवले. 1980 पासून सामना टोकियोला गेला, 2000 मध्ये ब्राझीलमध्ये सर्व खंडांची स्पर्धा झाली, 2005 मध्ये दोन्ही एकत्र आल्या आणि 2025 मध्ये संघ 32 झाले. भारतीय क्लब तिथवर पोहोचलेले नाहीत. पण त्या वाटेवरच्या आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबचा पहिला विजय मुंबई सिटीने 2022 मध्ये मिळवला, ही आपल्याकडची ठळक नोंद.

आता चषक. अमरकोशात चषक म्हणजे पानपात्र, तेही मद्याचे. युद्ध आणि चषक यांची गाठ घालणारा उल्लेख कालिदासाच्या 'रघुवंशा'त, सातव्या सर्गात आहे. विदर्भाच्या राजधानीत इंदुमतीने अजाला वरले, परतीच्या वाटेवर नाकारलेल्या राजांनी त्याला गाठले आणि रण माजले. ते रणांगण कवीला मृत्यूची मद्यशाळा वाटते आणि योद्ध्यांच्या डोक्यांवरून गळून पडलेली शिरस्त्राणे चषकांसारखी दिसतात. ती राजधानी म्हणून आपण आज वर्धा नदीकाठचे कौंडिण्यपूर दाखवतो. जिंकणे आणि चषक ही जोडी इंग्रजांच्या 'कप'मधून आली असे सरसकट मानले जाते. विदर्भातून निघालेल्या वाटेवर ती इतकी जुनी सापडावी, हे मला फार मोलाचे वाटते. शब्दाच्या मुळाबद्दल मात्र वाद आहे. व्याकरणकार 'चष्' म्हणजे खाणे या धातूकडे बोट दाखवतात. पण पिण्याच्या भांड्याला खाण्याचा धातू का? फारसीत 'चशीदन' म्हणजे चव घेणे, त्याच घरातली आपली चाशनी. चषक हा इराणी वळणाचा पाहुणा असावा, असे माझे ठाम मत आहे. नुसत्या ध्वनिसाम्यावर विसंबू नये, हा आक्षेप मला मान्य आहे; पण इथे अर्थही जुळतो, आणि मद्याच्या भांड्यांची नावे व्यापाराबरोबर फिरतात.

करंडकाचे घराणे निराळे. करंड म्हणजे वेताची टोपली, मग झाकणाचा डबा. आंब्यांची करंडी आणि कुंकवाचा करंडा ही त्याचीच घरगुती भावंडे. बौद्ध परंपरेत अवशेष ठेवण्याची पेटी करंडक, तर समंतभद्रांच्या जैन ग्रंथाच्या नावातच रत्नकरंडक आहे. म्हणजे करंडक आतले जपतो, चषक आतले रिते करतो. मग विजयचिन्हाला करंडक का म्हणू लागले? 'ट्रॉफी'चे मूळ ग्रीक: शत्रूने जिथे पाठ फिरवली तिथे उभारलेली खूण. त्याचे भाषांतर जयस्तंभ व्हायला हवे होते. 'कप'ला चषक दिल्यावर 'ट्रॉफी'साठी एखादा भारदस्त संस्कृत शब्द हवा होता, म्हणून करंडक निवडला, असे कुणी म्हणेल. पण भारदस्त शब्दांचा तुटवडा कधीच नव्हता. माझा तर्क असा की करंडक सत्कार-समारंभांतून आला. मानपत्र चांदीच्या करंडकात घालून अर्पण करण्याची चाल होती. भर सभेत दोन्ही हातांनी स्वीकारायची नक्षीदार चांदीची वस्तू म्हणजे करंडक, हे चित्र डोळ्यांत बसलेले असताना मैदानावरच्या बक्षिसाला तेच नाव सुचणे स्वाभाविक होते. रणजी करंडक या तर्काला बळ देतो. पतियाळाच्या महाराजांनी दिलेल्या त्या सोनेरी पात्राला झाकण आहे आणि झाकणाची मूठ म्हणजे काळपुरुषाची आकृती. 2025 मध्ये जामठ्याच्या मैदानावर विदर्भाने तिसऱ्यांदा जिंकली ती स्पर्धा बोलताना आपण सहज 'रणजी करंडक' म्हणतो. 'रणजी चषक' कानाला खटकतो.

यावर मोठा आक्षेप वापराचा आहे. वृत्तपत्रे दोन्ही शब्द अदलाबदल करून वापरतात, आणि पुरुषोत्तम करंडक पटकावणारे नाट्यवेडे विद्यार्थी त्याला झाकण आहे की नाही हे पाहत बसत नाहीत. खरे आहे, शब्द रुळला की वस्तूचा आकार गळून पडतो. पण इथे आकार स्वतःहून शब्दाकडे परत आला आहे, आणि त्यासाठी नवा शब्द घडवायचीही गरज नाही. 'विश्वकरंडक' मराठी क्रीडापानांवर केव्हाचा रुळलेला आहे. त्याच्याआधी फक्त 'क्लब' लिहायचे.