गोंदण आणि डाग

गेल्या वर्षीच्या श्रावणातली गोष्ट. संध्याकाळी माझ्या पुतण्याचा मुलगा ओसरीवर येऊन मुकाट्याने बसला. एरवी हा पोरगा घरात शिरतो तो थेट स्वयंपाकघरात. लष्करात भरती व्हायचे म्हणून दोन वर्षे तो रोज पहाटे मळवली स्टेशनापासून कार्ल्याच्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत धावत होता. तो काही बोलेना. मग त्याने शर्टाची कॉलर खाली ओढली. मानेवर, कानाच्या जरा खाली, निळसर काळ्या रंगात दोनच अक्षरे होती : ‘आई’.

“आबा, हे पुसायचं कसं?”

दोन वर्षांपूर्वी त्याची आई महिनाभर दवाखान्यात होती. त्या दिवसांत एका जत्रेत, यंत्राने गोंदणाऱ्याच्या पुढ्यात बसून त्याने ही अक्षरे काढून घेतली. पुढे आई बरी होऊन घरी आली, पण अक्षरे मानेवर राहिली. आता एका मित्राने त्याला भरतीचा नियम सांगितला होता. कोपरापासून मनगटापर्यंतचा हाताचा आतला भाग आणि पंजाची पालथी बाजू, एवढ्याच ठिकाणी कायमचे गोंदण चालते. इतरत्र असेल तर उमेदवार बाद. आदिवासी जमातींना मात्र त्यांच्या रूढीचे गोंदण म्हणून सवलत मिळू शकते. डोंगरातल्या ठाकरवाडीतल्या पोराला जे चालेल ते याला चालणार नव्हते.

मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. पोराला हवा होता त्वचेचा डॉक्टर. भेटला इतिहासाचा मास्तर! त्याला म्हटले, डॉक्टरकडे आपण जाऊच. पण त्याआधी कुणाचे ऐकून घरात काही लावू नकोस. हे मी इतक्या घाईने बोललो, कारण मला एकदम माझ्या आत्याची आठवण झाली होती.

आमच्या मावळात जुन्या बायांच्या अंगावर गोंदण नाही असे क्वचितच दिसे. कपाळावर ठिपका, हनुवटीवर ठिपका, हातावर तुळस, नाहीतर विंचू. गोंदणारीण दारात आली की अंगणात पाट मांडला जाई. काजळी पाल्याच्या रसात खलायची, दोन-चार सुया दोऱ्याने एकत्र बांधायच्या आणि टोचायला लागायचे. पोरगी रडू लागली की तिला दोघी-तिघी धरून ठेवत आणि गाणी म्हणत. “दागिने चोर नेईल, मेल्यावर लेकी-सुना वाटून घेतील, गोंदण तेवढं संगं येतंय,” असे माझी आजी म्हणे. आत्याच्या हातावर आजीने गोंदवलेली तुळस होती आणि कपाळावर एक ठिपका.

आत्याचे लग्न झाले ते लोणावळ्याला, रेल्वेतल्या एका कारकुनाशी. घर शिकलेले, शहरी वळणाचे. तिथे कोणी तिला टाकून बोलले नाही, पण पाहुणे आले की सासूबाई म्हणत, “हातावर पदर घे गं.” एवढेच. त्या एवढ्याशा वाक्याने आत्याला आपला हात परका वाटू लागला. मग कुणा शहाण्याने उपाय सांगितला : चुना आणि धुण्याचा सोडा कालवून लाव, रात्रभर बांधून ठेव. तिने ते केले. हाताचे मांस दिसायला लागले, ताप आला, जखम भरायला दोन महिने गेले. तुळस गेली. तिच्या जागी रुपयाएवढा पांढरट, चुरगळलेला वण आला आणि तो जन्मभर राहिला. पदर घ्यायचे काही तिचे सुटले नाही. म्हातारपणी ती मला म्हणाली होती, “गोंदण आईनं दिलं होतं रं, डाग मी घेतला.”

पुष्कळ वर्षांनी एका पुस्तकात हाच उपाय वाचून मी थबकलो. सहाव्या शतकात आमिदा गावचा ऐतिओस नावाचा एक वैद्य होऊन गेला. त्याने ग्रीक भाषेत वैद्यकाचा मोठा ग्रंथ लिहिला. त्यात गोंदण काढण्याची कृती आहे. एका लेपात चुना, जिप्सम आणि सोडा. दुसऱ्यात मिरी, सताप आणि मध. आधी जागा खाराने धुवायची, राळेचा लेप देऊन पाच दिवस बांधून ठेवायची, सहाव्या दिवशी सुईने टोचून रक्त पुसायचे, मीठ भरायचे आणि मग औषध लावायचे. वीस दिवसांत खूण जाते आणि वणही राहत नाही, अशी ग्वाही तो देतो. ती ग्वाही वाचताना मला आत्याचा हात दिसत होता.

त्या काळी हे कोणाला हवे असे? हौशी माणसाला नव्हे. ग्रीक आणि रोमन लोक गोंदत ते बहुधा पळालेल्या गुलामाला, नाहीतर गुन्हेगाराला, आणि तेही पुष्कळदा कपाळावर. ग्रीक भाषेत या खुणेला ‘स्तिग्मा’ म्हणत. तोच शब्द आज इंग्रजीत कलंकासाठी वापरतात. गुलाम पुढे मुक्त झाला, पैसेवालाही झाला, तरी कपाळ जुनीच गोष्ट सांगत राही. म्हणून रोममध्ये अशा खुणा पुसून देणारे वैद्य होते; मार्शल या कवीने त्यांतल्या एकाचा नावानिशी उल्लेख केला आहे.

हे ग्रीक आम्हा मावळकरांना अगदीच अनोळखी नाहीत. कार्ल्याच्या चैत्यात जा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावे कोरली आहेत आणि त्यांत धेनुकाकटाचे यवन आहेत. यवन म्हणजे मुळात ग्रीक. पुढे पश्चिमेकडून आलेल्या सगळ्याच परदेशीयांना तो शब्द लावू लागले. आपले नाव टिकावे म्हणून त्यांनी आमच्या कातळावर ते लिहून ठेवले. त्याच्याही आधी त्यांच्याकडच्या जगात कपाळावरची अक्षरे जावीत म्हणून माणसे देवळात झोपत होती! ही गोष्ट मी त्या संध्याकाळी पोराला सांगितली, तीच इथे सांगतो.

ग्रीसमध्ये एपिदाव्रोस येथे आस्क्लेपिओस या वैद्यदेवतेचे मोठे ठाणे होते. आजारी माणसाने रात्री देवळात झोपायचे, देव स्वप्नात येऊन उपचार करी. बऱ्या झालेल्यांच्या हकिकती तिथे शिलालेखांत कोरून ठेवल्या आहेत. ते लेख इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातले. पांदारोस नावाच्या माणसाच्या कपाळावर खुणा होत्या. देवाने स्वप्नात त्याच्या कपाळाला पट्टी बांधली आणि सांगितले, बाहेर गेल्यावर सोड. सकाळी त्याने पट्टी सोडली तो कपाळ स्वच्छ, आणि खुणा सगळ्या पट्टीवर! पुढे त्याने एखेदोरोस नावाच्या माणसाबरोबर देवाला पैसे पाठवले. या गृहस्थाच्या कपाळावरही खुणा होत्या. तो देवळात झोपला. देवाने पैशांचे विचारले, तर म्हणाला मला कुणी काही दिलेच नाही. देवाने पांदारोसची पट्टी त्याला बांधली. सकाळी सोडून पाण्यात पाहतो, तर स्वतःच्या खुणा आहेतच, वर पांदारोसच्याही आल्या!

पोरगा हसला. एवढ्या वेळात पहिल्यांदाच.

पण कपाळावर लिहिण्याची ही रीत ग्रीसमध्येच राहिली असे नाही. कंपनी सरकारने १७९७ साली बंगालमध्ये कायदा करून जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर गुन्हा गोंदायला सुरुवात केली. सरकारी कागदांत त्याला ‘गोदना’ असाच शब्द आहे. जो शब्द आमच्या अंगणात मायेचा, तोच तुरुंगात शिक्षेचा झाला. काळ्या पाण्यावर गेलेले ते कैदी फेटा भुवयांपर्यंत ओढून बांधत. त्यांना ना वैद्य मिळाला, ना देऊळ; फेटा तेवढा होता. १८४९ साली ही शिक्षा कायद्याने बंद झाली.

बंद झाली म्हणावे, तर १९९३ च्या डिसेंबरात अमृतसरला पोलिसांनी चार गरीब स्त्रियांच्या कपाळावर ‘जेबकतरी’, म्हणजे खिसेकापू, असे गोंदवले. त्या बायका न्यायालयात गेल्या. कपाळावरची अक्षरे शस्त्रक्रियेने काढावी लागली आणि दोषी पोलिसांना शिक्षा झाली ती २०१६ साली. लिहायला काही मिनिटे लागली असतील. न्याय मिळायला तेवीस वर्षे गेली.

आठ दिवसांनी आम्ही पुण्याला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. पोराची आई बरोबर होती. नियम कळला तेव्हा ती आधी रागावली होती, “माझं नाव पुसाया निघाला व्हय रं!” आणि मग पदर तोंडाला लावून आत निघून गेली होती. गाडीत ती कोणाशी बोलली नाही.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितले. वरची कातडी महिन्याभरात झडून नवी येते; गोंदणाचा रंग तिच्या खालच्या थरात असतो. म्हणून वरून लावायची मलमे व्यर्थ, आणि आम्ले किंवा चुना वापरला तर रंगाच्या आधी माणूसच भाजतो. शरीर त्या रंगाला परका समजते. आपल्या रक्षक पेशी त्याचे कण गिळतात, पण पचवू शकत नाहीत. त्या पेशी मेल्या की शेजारच्या पेशी तेच कण पुन्हा गिळतात. मार्सेच्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून २०१८ साली हे दाखवले. शरीर रंगाला घालवू पाहते, म्हणूनच तो जागच्या जागी धरला जातो. मला हे मोठे नवल वाटले.

काढण्याचे मार्ग पूर्वी पुष्कळ होऊन गेले. मिठाने घासणे, कातडी खरवडणे, टॅनिक आम्ल आणि चांदीचा क्षार टोचणे, तेवढा भाग कापून शिवणे. कापण्याचा मार्ग लहान खुणेसाठी आजही आहे, पण मानेवर टाक्यांचा वण दिसणार. कोणी जुन्या गोंदणावर दुसरे मोठे चित्र काढून घेतात. भरतीवाल्याला त्याचा काय उपयोग! राहता राहिला लेसर. १९६० च्या दशकात अमेरिकेत लिऑन गोल्डमन या डॉक्टरांनी गोंदणावर लेसर चालवून पाहिला, आणि १९८३ साली अँडरसन व पॅरिश यांनी त्यामागचे तत्त्व मांडले : प्रकाशाची लहर आणि वेळ अशी निवडायची की रंग तापून फुटावा, भोवतीची कातडी वाचावी. फुटलेले बारीक कण मग शरीर हळूहळू वाहून नेते. काळा रंग लवकर जातो, हिरवा-पिवळा चिवट असतो. आपल्यासारख्या सावळ्या कातडीला १०६४ नॅनोमीटर लहरीचा लेसर त्यातल्या त्यात सुरक्षित. तरी पांढरे किंवा काळे चट्टे पडू शकतात, वण फुगू शकतो. म्हणून आधी थोड्या जागेवर करून पाहायचे. एका वेळेने भागत नाही. दोन वेळांमध्ये सहा ते आठ आठवडे जावे लागतात, आणि उन्हापासून जपावे लागते.

“पूर्ण जाईल ना?” पोराने विचारले.

“बरंचसं जाईल. कोरी पाटी होईल असं मी सांगणार नाही,” बाई म्हणाल्या. ऐतिओसापेक्षा या बाई प्रामाणिक, असे मी मनात म्हटले. मग त्यांनी एक प्रश्न विचारला तो मला फार महत्त्वाचा वाटला. ज्या सुईने गोंदले ती नवी होती का? पोराला माहीत नव्हते. एकाच सुईने अनेकांना टोचले की कावीळ ‘बी’ आणि ‘सी’, एचआयव्ही यांचे जंतू एकाकडून दुसऱ्याकडे जातात. रक्त तपासले. सुदैवाने काही निघाले नाही. जत्रेच्या गर्दीत हात पुढे करणाऱ्या प्रत्येक मुलाने आधी नवी सुई मागावी, हे या निमित्ताने सांगून ठेवतो.

परत येताना लोकलमध्ये कामशेतच्या पुढे त्याची आई पहिल्यांदा बोलली. “माझ्यासाठी टोचून घेतलंस, आता माझ्यासाठीच जाळून घे. दोन अक्षरं गेली म्हणून मी कुठं जात न्हाई.”

तेव्हापासून सहा खेपा झाल्या. प्रत्येक वेळी रबर तटकन बसावे तसे लागते म्हणतो. ‘आ’ गेल्यातच जमा आहे; ‘ई’च्या डोक्यावरचा आकडा अजून अंधूक दिसतो. डॉक्टरीणबाई म्हणतात, आणखी दोन खेपा. भरतीला तो नेमका उतरेल की नाही, मला सांगता येत नाही. वयाची अट कोणासाठी थांबत नाही.

परवा वसुबारसेची तयारी चालली होती. त्याची आई ओसरीवर पणत्या भिजत घालत होती आणि तो पायरीवर मान वाकवून बसला होता. जाता जाता तिने ओल्या बोटाने त्या पुसट आकड्यावरून हात फिरवला. काही बोलली नाही. मला माझ्या आत्याचा हात आठवला. तिला त्या वेळी कोणी, “राहू दे गं, छान दिसते तुळस,” एवढे म्हटले असते, तर चुन्याची गरजच पडली नसती. पोराचे तसे नाही. त्याचे कारण खरे आहे. दोन्ही गोष्टी मी ध्यानात ठेवल्या आहेत.

पहाटे मला जाग येते तेव्हा रस्त्यावर त्याच्या बुटांचा आवाज येत असतो. अजून तो धावतो आहे.